जुने पिक्चर पुन्हा मोठ्या पडद्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये शोलेची नवीन कॉपी थिएटरात लागली आणि मी माझ्या आत्याला घेऊन गेले, तेव्हापासून नात्यातले, ऑफिसातले, सोसायटीतले सगळे मला तेच तेच प्रश्न विचारतायत. मी गेली काही वर्षं असे शो सोडत नाही, पुण्यात असो की मुंबईत, जमेल तसं जातेच. म्हणून म्हटलं एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवावीत. मला मनापासून वाटतं की हे पिक्चर बघायला लोकांनी यावं, आणि नुसतं यावं असं नाही, ते वाचले कसे हेही माहीत असावं.

रिस्टोअर केलेला पिक्चर आणि री-रिलीज, एकच ना?

नाही, आणि हा घोळ जवळजवळ सगळ्यांचाच होतो. तुंबाड २०१८ चा, सप्टेंबर २०२४ मध्ये परत लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला, छानच झालं, पण त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, फाइल तयार होती, पुन्हा लावली. ते री-रिलीज. रिस्टोअर म्हणजे फिल्मची खरीखुरी पट्टी, ती फाटलेली असते, आकसलेली असते, बुरशी आलेली असते, ती आधी हाताने दुरुस्त करायची, मग स्कॅन करायची, मग एकेक फ्रेम साफ करायची, रंग जुळवायचे, आवाज वेगळा साफ करायचा. महिनोन् महिने जातात, कधी वर्षं. शोलेला तीन वर्षं लागली.

पोस्टरवर नुसतं ४के (म्हणजे जास्त बारकावे दिसणारं डिजिटल चित्र) लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. चांगल्या कामात पिक्चर सुरू व्हायच्या आधी एक पाटी येते, कुठल्या निगेटिव्हवरून (म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म, तिच्यावरूनच थिएटरच्या प्रिंट काढतात) काम केलं, ते कुठे जपलेलं होतं, कुठल्या लॅबमध्ये झालं, कोणाच्या देखरेखीखाली झालं. पॉपकॉर्नच्या लायनीत थांबून ती पाटी चुकवू नका, अर्धी गोष्ट तिथेच असते.

यूट्यूबवर फुकट आहे की. मग तिकीट काढून कशाला जायचं?

श्याम बेनेगलांचा मंथन मी लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेला, नंतर कॉम्प्युटरवर कुठलीतरी कॉपी पाहिली, सगळं कसं चहाच्या रंगाचं, चेहरे पुसट, आवाज डब्यातून आल्यासारखा. आणि मला खरंच वाटायचं की तो पिक्चर तसाच आहे, गरिबीत काढला म्हणून तसा दिसतो. १ जून २०२४ ला थिएटरात पाहिला आणि मी अक्षरशः गप्प झाले. गुजरातचं ऊन पांढरं होतं, तपकिरी नव्हतं. स्मिता पाटील उन्हात उभी राहते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कळतं, टीव्हीवर नुसते डोळे कळायचे. गोविंद निहलानींनी कॅमेऱ्यात काय पकडलं होतं ते इतकी वर्षं आपण पाहिलंच नव्हतं.

दुसरं म्हणजे माणसं. माझ्या पुढच्या रांगेत सत्तरीच्या दोघी होत्या, गिरीश कर्नाड पडद्यावर आल्याबरोबर एकीने दुसरीचा हात दाबला, आणि मध्यंतरापर्यंत तो हात तसाच होता. हे घरी सोफ्यावर नाही होत.

पण एवढे जुने पिक्चर हरवतात तरी कसे? कोणाच्या तरी कपाटात असतीलच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि उत्तर ऐकून सगळ्यांना वाईट वाटतं, मलाही दरवेळी वाटतं.

पहिलं कारण म्हणजे ती फिल्मच. साधारण १९५० पर्यंतचे पिक्चर नायट्रेट फिल्मवर असायचे. दिसायला अतिशय सुंदर, पण भयंकर ज्वालाग्राही. जळताना ती स्वतःच ऑक्सिजन तयार करते, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या तिजोऱ्यांना आग लागली आणि हजारो रिळं गेली. काहींच्या कॉप्या आधीच काढलेल्या होत्या म्हणून ते पिक्चर वाचले, पण मूळ गेलं ते गेलंच. त्याच्या कितीतरी आधी, १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर झालेल्या जाळपोळीत कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळला होता.

दुसरं कारण चांदी. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी असते, आणि पिक्चर उतरला की त्या डब्यांचं करायचं काय, गोडाऊनचं भाडं कोण भरणार, तर भंगारवाल्याला द्यायचे, तो धुऊन चांदी काढायचा. कोणी मुद्दाम वाईट वागलं असं नाही हो, त्यावेळी कोणालाच वाटत नव्हतं की पिक्चर पुन्हा कोणी बघेल. बोलपट आल्यावर मूकपटांची तर किंमतच संपली. आपल्या देशात हजाराहून जास्त मूकपट झाले, त्यातले पूर्ण आणि अर्धवट मिळून किती टिकले तर बोटांवर मोजता येतील त्यापेक्षा थोडे जास्त. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा सावकारी पाश, ज्यात व्ही. शांताराम तरुण शेतकरी झाले होते, ज्याच्याबद्दल आपण पुस्तकात एवढं वाचतो, तो कोणालाच बघता येत नाही. फोटो आहेत फक्त.

तिसरं कारण आपली हवा. मुंबई, कोकण, गोवा, चार महिने पाऊस आणि बाकीचे आठ महिने दमट. फिल्मला कोरडं आणि थंड लागतं, आणि आपल्याकडे डबे ठेवले जायचे जिन्याखाली, गॅरेजमध्ये, लॅबच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

व्हिनेगर सिंड्रोम म्हणजे काय?

नायट्रेटनंतर जी सेफ्टी फिल्म आली ती सहज पेट घेत नाही पण कुजते. ओलावा आणि उष्णता मिळाली की त्यातून अॅसेटिक अॅसिड सुटायला लागतं, म्हणजेच व्हिनेगर. मी एकदा असा डबा उघडलेला पाहिलाय. झाकण निघायच्या आधीच वास आला, चायनीजच्या गाडीवर असतो ना तसा, पण दहापट, डोळ्यांत पाणी यावं इतका. आत रीळ पापडासारखं वाकडं झालेलं, कडा झालरीसारख्या, आणि दोन वेढ्यांच्या मध्ये पांढरी पावडर. बोट लावलं असतं तर तुकडा पडला असता. आणि हे पसरतं, एका डब्याची वाफ शेजारच्या डब्यातल्या फिल्मलाही खराब करते. रंगीत पिक्चरांचं आणखी एक दुखणं, रंग उडतात, निळा आणि हिरवा आधी जातो आणि सगळं गुलाबी दिसायला लागतं. जुनी रंगीत प्रिंट बघताना आकाश गुलाबी दिसलं असेल तर कारण हेच.

हे काम नेमकं करतात कसं? कॉम्प्युटरवर बटण दाबलं की होतं का?

बटण दाबून झालं असतं तर किती बरं झालं असतं.

मंथनचंच सांगते. १९७६ चा पिक्चर, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले त्यातून काढलेला, श्याम बेनेगल दिग्दर्शक, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने काम हातात घेतलं तेव्हा मूळ निगेटिव्ह पुण्याच्या नॅशनल फिल्म आर्काइव्हमध्ये (जुने पिक्चर जपून ठेवणारी सरकारी संस्था) होतं, पण बुरशी लागलेलं आणि रंग फिके झालेलं. आवाजाचं निगेटिव्ह तर नव्हतंच. मग जपून ठेवलेल्या एका ३५ एमएम (ही फिल्मच्या पट्टीची रुंदी) प्रिंटवरून आवाज घेतला. फिल्मच्या कडेला एक नागमोडी रेघ असते, तो आवाज असतो, ती रेघ वाचून पुन्हा आवाज काढायचा आणि मग त्यातली खरखर कमी करायची, पण इतकीही नाही की माणसांचा श्वास निघून जाईल.

आधी पट्टी टेबलवर घेऊन हाताने तपासतात. जिथे जोड सुटलेत तिथे जोडतात, दातेरी भोकं फाटली असतील तर एकेक दुरुस्त करतात, कापसाने पुसतात. हे सगळं झाल्याशिवाय ती स्कॅनरमध्ये जाऊच शकत नाही, आत तुटली तर संपलं. स्कॅन झालं की मग फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम, मंथन १३४ मिनिटांचा, हिशोब केला तर एक लाख त्र्याण्णव हजार फ्रेमच्या आसपास होतात. सॉफ्टवेअर मदत करतं पण ते मूर्खही असतं, पडणाऱ्या पावसाच्या थेंबाला ओरखडा समजून पुसून टाकतं, उडत्या धुळीला घाण समजतं. म्हणून माणूस बसतो आणि बघतो, हा डाग फिल्मवरचा की गोठ्यातल्या भिंतीवरचा. मग रंग. रंगासाठी तो पिक्चर ज्याने शूट केला तो माणूस हयात असेल तर सोन्याहून पिवळं. मंथनला निहलानी स्वतः होते, बेनेगलही होते. मे २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला, जूनमध्ये आपल्याकडे साधारण पन्नास शहरांत लागला आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला बेनेगल गेले. त्यांनी आपला पिक्चर नव्याने बघितला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हे काम थांबून करण्यासारखं नाहीये, माहिती असलेली माणसं जातायत.

आणि मूळ निगेटिव्हच नसेल तर?

मग शोधायचं, जगभर. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीची गोष्ट माहीत नसेल तर ऐकाच. निगेटिव्ह लंडनच्या एका लॅबमध्ये होती, जुलै १९९३ मध्ये तिथे आग लागली. जे जळकं उरलं ते फेकून दिलं नाही, अमेरिकेत ऑस्कर अकादमीच्या आर्काइव्हने तसंच ठेवून दिलं, कारण त्यावेळी त्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं. वीस वर्षांनी तंत्र आलं. इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये ती कडक झालेली, वितळून चिकटलेली फिल्म रसायनात ठेवून पुन्हा मऊ केली, हाताने दुरुस्त केली, त्यालाच जवळजवळ हजार तास लागले. पथेर पांचालीचं चाळीस टक्के निगेटिव्ह वापरता आलं, अपराजितोचं साठ टक्क्यांच्या वर, अपूर संसारचं काहीच नाही, त्यासाठी दुसरीकडच्या कॉप्या वापरल्या. २०१५ मध्ये तिन्ही पुन्हा थिएटरात आले. जळून गेलेले पिक्चर, विचार करा.

उमराव जानचंही तसंच, निगेटिव्ह खराब झालेलं म्हणून थिएटरात चाललेल्या ३५ एमएम प्रिंटवरून काम केलं, जून २०२५ मध्ये लागला. प्रिंटवरून केलेलं काम निगेटिव्हवरून केलेल्यापेक्षा थोडं जाड दिसतं, सावल्यांमधलं बारीक काम कमी दिसतं. बघताना हे माहीत असलं की तक्रार राहत नाही.

शोलेचा शेवट बदललाय म्हणे? हे त्यांनी आता शूट केलं का?

नाही नाही, आता काहीच शूट केलेलं नाही. उलट हाच मूळ शेवट आहे. १९७५ ला आणीबाणी होती, सेन्सॉरला ठाकूरने गब्बरला मारलेलं चाललं नाही, म्हणून रमेश सिप्पींना शेवट पुन्हा शूट करावा लागला, पोलीस येतात आणि गब्बरला घेऊन जातात तो. आपण पन्नास वर्षं तो पाहिला. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो. तो शेवट आणि कापलेले दोन सीन आता परत जोडलेत.

सापडलं कसं तर मुंबईच्या गोडाऊनमध्ये नावनिशाणी नसलेले डबे होते, त्यात मूळ निगेटिव्ह निघालं, पण तोपर्यंत व्हिनेगर सिंड्रोमने वाट लागलेली. मग इंग्लंडमधल्या गोडाऊनमध्ये ठेवलेल्या कॉप्या आणि मुंबईतच नंतर मिळालेल्या आणखी काही, ह्यांच्यावरून काम केलं. ७० एमएमची एकही प्रिंट उरलेली नाही. २७ जून २०२५ ला बोलोन्याच्या चौकात उघड्यावर मोठा पडदा लावून पहिल्यांदा दाखवला आणि १२ डिसेंबरला आपल्याकडे लागला.

माझ्या आत्याने तो १९७५ मध्ये मुंबईत मिनर्व्हाला पाहिलेला, माझ्या बाबांबरोबर, सकाळपासून लायनीत उभं राहून. तिला मी शेवटाबद्दल काही सांगितलं नव्हतं. ठाकूरचा पाय खाली आला आणि पोलीस आलेच नाहीत तेव्हा तिने माझ्याकडे वळून विचारलं, "अगं, पोलीस?" मी म्हटलं आत्या, हा खरा शेवट. ती काही बोलली नाही. संजीव कुमार मग रडतो ना, तेव्हा तीही रडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आता कुठे त्या माणसाची गोष्ट पूर्ण झाली." बाबा असायला हवे होते.

ब्लॅक अँड व्हाइटला रंग देतात तेही रिस्टोरेशनच का?

माझ्या मते नाही. मुघल-ए-आझम नोव्हेंबर २००४ मध्ये पूर्ण रंगीत करून लावला, लोकांनी गर्दी केली, आणि त्यानिमित्ताने नवीन पिढीने तो पाहिला हे खरं. पण रिस्टोअर म्हणजे जे होतं ते परत आणणं. प्रकाश आणि सावलीवर ज्याने महिनोन् महिने काम केलं त्याच्या कामावर दुसऱ्याने रंग चढवायचा हे मला पटत नाही. गुरुदत्तचे पिक्चर ८ ते १० ऑगस्ट २०२५ ला जन्मशताब्दीनिमित्त थिएटरात लागले होते, प्यासा मोठ्या पडद्यावर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ज्याने पाहिला त्याला रंगाची आठवणही आली नसेल.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळं का दिसतं? अर्धा पडदा वाया!

वाया नाही, पिक्चरच तेवढा आहे. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ सगळे पिक्चर चौकोनीच असायचे. आताचे पडदे रुंद, त्यामुळे बाजूला काळं राहणार, राहायलाच हवं. ते भरायला गेलं की डोकी आणि पाय कापले जातात. माझ्यासोबत हे झालंय, एका मल्टिप्लेक्सला जुना पिक्चर बघताना सगळ्यांची कपाळं गायब. मी उठून बाहेर गेले, ड्युटीवरच्या पोराला सांगितलं, त्याला खरंच माहीत नव्हतं, त्याने मॅनेजरला बोलावलं आणि दहा मिनिटांनी सेटिंग बदललं. तेव्हा गप्प बसू नका, जाऊन नीट शब्दांत सांगा. बदलतात.

दाणे दाणे दिसतात, मधूनच एखादा ओरखडाही. काम अर्धवट सोडलं का?

ते दाणे म्हणजेच फिल्म. चित्र त्या दाण्यांनीच बनलेलं असतं. ते पुसले की चेहरे मेणाचे दिसायला लागतात, टीव्हीवर काही जुने पिक्चर तसे दिसतात बघा, गाल इस्त्री केल्यासारखे. चांगले लोक दाणे ठेवतात. ओरखड्यांचं म्हणाल तर काही इतके खोल असतात की ते काढायचे म्हणजे खालचं चित्र बनवून भरावं लागतं. अशा वेळी ओरखडा राहू देणं जास्त प्रामाणिक.

ह्या सगळ्यात आपले मराठी पिक्चर कुठे आहेत?

इथे मला थोडं मोठं लिहावं लागेल, कारण हा प्रश्न माझाच आहे.

सुरुवात तर आपल्याच माणसाने केली, ३ मे १९१३, गिरगावचं कोरोनेशन, राजा हरिश्चंद्र. त्याचे आज काही भागच आहेत, आणि तेही १९१३ चे की फाळक्यांनी नंतर पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे ह्यावर अभ्यासक वाद घालतात. त्यामानाने १९१९ चा कालिया मर्दन बराचसा टिकला. फिल्म आर्काइव्ह पुण्यात १९६४ ला सुरू झालं, तिथे पी. के. नायर म्हणून क्युरेटर होते, केरळचा माणूस, पण महाराष्ट्रावर त्यांचे इतके उपकार आहेत की काय सांगू. फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळालेले तुकडे त्यांनी जमवले, क्रमाने लावले, म्हणून आज मंदाकिनी फाळके, सात वर्षांची पोर, कालिया मर्दनमध्ये बाळकृष्ण झालेली आपण बघू शकतो. पहिल्यांदा तिचा नुसता चेहरा येतो आणि बघता बघता त्याचा कृष्ण होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, तो रिस्टोअर करून दाखवला, समोर वादक बसून लाइव्ह संगीतासकट.

प्रभातचं नशीब जरा बरं. १९३२ चा अयोध्येचा राजा आहे, १९३६ चा संत तुकाराम आहे, जो दुसऱ्या वर्षी व्हेनिसला गाजला. विष्णुपंत पागनीस गायला लागतात ना, तेव्हा आजही थिएटरात कोणीतरी हळूच टाळ धरल्यासारखी बोटं हलवतं, मी पाहिलंय. पिंजरा २०१६ मध्ये नव्याने तयार करून थिएटरात लावला होता.

आणि घाशीराम कोतवाल. तेंडुलकरांचं नाटक सगळ्यांना माहीत, पिक्चर फार थोड्यांना. १९७६ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या पोरांनी युक्त नावाची सहकारी संस्था काढली आणि मिळून हा पिक्चर केला, मणी कौल, सईद मिर्झा, के. हरिहरन, कमल स्वरूप, मोहन आगाशे नाना फडणवीस, ओम पुरींचा पहिला पिक्चर. आपल्याकडे तो दिसेनासाच झाला होता. प्रिंट कुठे राहिली होती तर बर्लिनमध्ये, आर्सेनाल नावाच्या संस्थेच्या आर्काइव्हमध्ये. त्यांनी ती जपली, डिजिटल केली आणि पुन्हा दाखवली. पुण्याच्या पेशवाईवरचा मराठी पिक्चर जर्मन लोकांनी सांभाळला. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे, पण मनात टोचतंही.

हिंदी पिक्चरमागे मोठं कुटुंब असतं, कंपनी असते. राज कपूर शताब्दीला डिसेंबर २०२४ मध्ये चाळीस शहरांत पिक्चर लागले, तिकीट शंभर रुपये. मराठीत पुष्कळदा निर्माता गेला, मुलांना हक्क कोणाकडे ते माहीत नाही, निगेटिव्ह ज्या लॅबमध्ये होतं ती लॅब बंद पडली. पैसे हा एक प्रश्न आहेच, पण आधी कागद आणि डबे सापडणं. ह्यासाठीच शेवटचा प्रश्न नक्की वाचा.

आलम आरा कधी सापडेल?

१४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकला लागलेला देशातला पहिला बोलपट, आणि त्याचं एक रीळही नाही, फोटो तेवढे आहेत. सापडेल की नाही कोण सांगणार, पण आशा सोडण्यासारखंही काही नाही. १९१९ चा बिल्वमंगल गेलाच असं धरलं होतं, त्याचा काही भाग पॅरिसच्या आर्काइव्हमध्ये निघाला आणि २०१६ मध्ये त्याची कॉपी पुण्याला आली. मेट्रोपोलिस हा जर्मन मूकपट १९२७ चा, त्याचा कापलेला साधारण पंचवीस मिनिटांचा भाग २००८ मध्ये कुठे सापडला तर अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सच्या म्युझियममध्ये.

मूकपट थिएटरात बघवतो का? झोप येईल ना?

लाइव्ह संगीत असेल तर नक्की जा, नसेल तर पहिला अनुभव म्हणून नको. १९२८ चा शिराझ ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने रिस्टोअर केला, अनुष्का शंकरने नवीन संगीत दिलं, २०१७ मध्ये आपल्याकडेही शो झाले. वादक समोर असले की मान पडद्याकडे आणि कान त्यांच्याकडे, झोप कुठली.

शो कधी आहेत ते कळतं कसं? मला नेहमी उतरल्यावर कळतं.

कारण ते असतातच दोन-तीन दिवस, फार तर आठवडाभर. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि पुण्याचं फिल्म आर्काइव्ह ह्यांचं सोशल मीडिया फॉलो करून ठेवा. पुण्यात लॉ कॉलेज रोडला आर्काइव्हचं स्वतःचं थिएटर आहे. मुंबईत कुलाब्याच्या रीगलला शो होतात, १९३३ चं थिएटर, तिथे जुना पिक्चर बघायची मजा वेगळीच. गोव्यात नोव्हेंबरला इफ्फी, जानेवारीत पुण्याचा चित्रपट महोत्सव, पिफ. परदेशात असाल आणि जूनअखेर युरोपात असाल तर बोलोन्या, दरवर्षी तिथे फक्त जुन्या आणि सापडलेल्या पिक्चरांचा महोत्सव असतो.

आणि एक सांगते, पहिल्याच दिवशी जा. सोमवारी जाऊ म्हणाल तर सोमवारी शो नसतो.

आमच्या माळ्यावर आजोबांचे पत्र्याचे गोल डबे आहेत. काय करू?

पहिलं म्हणजे फेकू नका. भंगारात देऊ नका. दुसरं, घरात प्रोजेक्टर असेल तर उत्साहाने लावून बघू नका, आकसलेली फिल्म मशीनमध्ये फाटते.

डबा उघडायचाच तर खिडकी उघडी ठेवून, आणि आसपास गॅस, उदबत्ती, सिगारेट काही नको. फिल्म १९५० च्या आधीची असण्याची शंका असेल तर उघडूच नका, उन्हात ठेवू नका, सावलीत गार जागी ठेवून सरळ आर्काइव्हला फोन करा, ती नायट्रेट असू शकते आणि घरात ठेवणं धोक्याचं आहे. झाकण गंजून बसलं असेल तर हातोडी मारू नका. कुरियरने पाठवू नका, त्यांना विचारा कशी आणायची. आर्काइव्हकडे ठेवायला दिली म्हणजे हक्क गेले असं नसतं, हक्क आणि फिल्म वेगळ्या गोष्टी आहेत, कागदावर नीट लिहून घ्या.

लग्नाच्या ८ एमएम फिल्मही ह्यात धरा, किंवा गावातल्या टुरिंग टॉकीजवाल्याच्या घरी पडलेलं एखादं सुटं रीळ. एकच रीळ आहे, त्याचा काय उपयोग असं वाटू देऊ नका, दुसरं रीळ कुठल्या देशात पडलं असेल काय सांगावं.

आणि डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी असते ना, फाटकी, शाई उडालेली, रीळ नंबर, पिक्चरचं नाव, कधी थिएटरचं नाव आणि तारीख, ती काढू नका. डबा पुसताना तीच आधी निघून येते. त्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.